फ्लॅट, लेव्हल आणि आडवा धक्का: सेट सुरक्षितपणे बांधायची सुरुवात

सेट कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा लाकूड मोडलेलं नसतं. सांधा सुटलेला असतो, नाहीतर बाजूने येणारा धक्का पेलायला काहीच लावलेलं नसतं. घरातल्या कपाटाला असे धक्के बसत नाहीत, रंगमंचावरच्या भिंतीला प्रत्येक प्रयोगात बसतात. कुणी दार आपटून निघून जातं, कुणाचा काळोखात धावताना विंगेजवळ खांदा लागतो, लेव्हलवर, म्हणजे मंचावरच्या उंच चौथऱ्यावर, आठ जण एकाच ठेक्यावर पाय आपटतात. म्हणून नवख्याने ‘जाड लाकूड वापरलं की झालं’ हे डोक्यातून आधी काढावं. जाडीने वजन वाढतं, उचलणाऱ्याची कंबर धरते आणि सेट पडलाच तर जास्त लागतं. शिकायचं ते वेगळंच आहे: नेमकं मोजणं, काटकोन धरणं, भार जमिनीपर्यंत कुठून उतरतो ते बघणं आणि योग्य जागी त्रिकोण लावणं.

एक कडक फ्लॅट (लाकडी चौकटीवर प्लाय बसवून केलेला सेटच्या भिंतीचा सुटा भाग), त्याचा टेकू आणि एक लेव्हल एवढं नीट जमलं, तर साध्या नाटकाचा बहुतेक सेट जमला म्हणायचा.

यंत्र सुरू करण्याआधी

डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण, नाकातोंडावर एन-९५ दर्जाचा मास्क. मास्कचा कंटाळा करू नका. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापताना ती सर्वांत बारीक उडते. केस बांधलेले, बाह्या घट्ट, गळ्यात ओढणी, माळ किंवा आयकार्डाची दोरी नाही. पायात बंद बूट.

हातमोज्यांबाबत अनेकांची गल्लत होते. प्लायच्या शीट किंवा खिळे असलेलं जुनं लाकूड उचलताना हातमोजे घाला. ड्रिल, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवर चालणारी करवत) अशा फिरत्या यंत्रांवर काम करताना मात्र काढून ठेवा. नुसतं बोट लागलं तर जखम होते, हातमोजा अडकला तर यंत्र अख्खा हात ओढून घेतं.

सर्क्युलर सॉचा सगळ्यांत मोठा धोका म्हणजे उलटा झटका. पातं कापात आवळलं गेलं की यंत्र उसळून कापणाऱ्याच्या दिशेने येतं. पातं आवळतं, कारण शीट फक्त दोन टोकांना टेकलेली असते. काप पुढे सरकतो तशी ती मधे झोल खाते आणि कापाच्या दोन्ही कडा पात्यावर मिटतात. उपाय सोपा आहे. शीटखाली चार पट्ट्या घाला, कापाच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन, म्हणजे काप पूर्ण झाल्यावरही दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. पात्याची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा ५-६ मिमीच जास्त ठेवा. स्वतः कापाच्या रेषेत उभं न राहता थोडं बाजूला राहा. पातं पूर्ण थांबेपर्यंत यंत्र उचलू नका. खालचं सरकतं कव्हर पाचर मारून उघडं ठेवायची सवय काही कारखान्यांत दिसते. तसं यंत्र हातातच घेऊ नका. पातं किंवा बिट बदलताना प्लग काढा, बॅटरीचं यंत्र असेल तर बॅटरी काढा. नुसतं बटण बंद असून भागत नाही.

मोजमाप आणि गुण्या

टेपच्या टोकाचा हुक किंचित हलतो, तो बिघडलेला नसतो. आतून मोजताना आणि बाहेरून मोजताना हुकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून तो तसा ठेवलेला असतो. मात्र टेप पडून हुक वाकला, तर त्या टेपने मोजलेलं सगळं चुकतं. एका सेटला शक्यतो एकच टेप वापरा. दोन टेपांत दोन मिमीचा फरक असला तर तो दहा फ्लॅटच्या भिंतीत दोन सेंटिमीटर होऊन बसतो.

पात्याची जाडी विसरू नका. सॉ स्वतः सुमारे तीन मिमी, म्हणजे जवळपास एक सूत, लाकूड खातो. त्यामुळे एकाच पट्टीवर सगळ्या खुणा एकदम करून कापायला घेतलं, तर प्रत्येक तुकडा आखूड निघतो. एक खूण, एक काप, मग पुढची खूण. टाकाऊ बाजूला फुली मारा आणि पातं फुलीच्या बाजूने चालवा. एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असतील तर टेप बाजूला ठेवून एका टोकाला ठोकळा अडवा आणि सगळे त्याला टेकवून कापा.

काटकोन तपासायला छोटा गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, एका पट्टीला पुरतो, मोठ्या चौकटीला पुरत नाही. तिथे कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. जमिनीवर सेटचा आराखडा आखताना ९००, १२०० आणि १५०० मिमीचा त्रिकोण वापरा. त्यातल्या दोन आखूड बाजूंमधला कोन बरोबर काटकोन असतो.

कडक फ्लॅट

प्लायची पूर्ण शीट २४४० बाय १२२० मिमी, म्हणजे आठ बाय चार फूट असते. फ्लॅट त्याच मापाचा केला तर कापाकापी आणि नासाडी दोन्ही वाचतात. लागणारं सामान: ६ मिमी प्लायची एक शीट, २० मिमी जाड आणि ६५ मिमी रुंद अशी सुमारे दहा मीटर पट्टी, पांढरा लाकडी गोंद, ४ मिमी जाडीचे ५० मिमी लांब स्क्रू आणि प्लाय बसवायला २५ मिमीचे स्क्रू.

पट्टीची जाडी स्वतः मोजा. एक इंची म्हणून मिळणारी पट्टी रंधा मारल्यावर इंचभर उरत नाही. ती २० मिमी भरली, तर काप असे येतात: वरची-खालची आडवी पट्टी १२२० मिमीच्या दोन, उभ्या पट्ट्या २४०० मिमीच्या दोन, मधल्या आडव्या ११८० मिमीच्या दोन. उभ्यांतून ४० मिमी वजा झाले ते वरखालच्या दोन पट्ट्यांच्या जाडीचे, मधल्यांतून ४० झाले ते दोन उभ्यांचे. जाडी १९ भरली तर ३८ वजा करा. वाकलेल्या पट्ट्या उभ्यासाठी घेऊ नका. पट्टी डोळ्यासमोर धरून टोकाकडून बघितली की बाक लगेच दिसतो. मोठी गाठ सांध्यापाशी येऊ देऊ नका, स्क्रू घालताना लाकूड तिथेच फाटतं.

खालची आडवी पट्टी सलग असते आणि उभ्या तिच्यावर टेकतात, हा क्रम उलटा करू नका. उभ्या पट्ट्या जमिनीपर्यंत नेल्या, तर फ्लॅट ओढताना त्यांची टोकं जमिनीला घासून चिरतात. सलग पट्टी बूड म्हणून घासली जाते, सांधे शाबूत राहतात.

पट्ट्या जमिनीवर कडेवर उभ्या ठेवा, म्हणजे ६५ मिमीची बाजू वर उभी आणि २० मिमीची कड प्लायला लागणारी. टोकांना गोंद लावा, क्लॅम्प घट्ट करा, आधी २.५ ते ३ मिमीचं भोक पाडा आणि मग प्रत्येक सांध्यात दोन-दोन स्क्रू घाला. भोक न पाडता टोकाजवळ स्क्रू घातला की पट्टी रेषांच्या दिशेने फाटते. पट्टीच्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने घुसलेला स्क्रू तसाही कमी धरतो. त्यामुळे या चौकटीला खरी ताकद चिकटवलेल्या प्लायच्या शीटने येते, स्क्रूंनी नव्हे. गोंदात काटकसर नको.

मधल्या दोन पट्ट्यांचे मध्य बुडापासून ८१३ आणि १६२७ मिमीवर घ्या. सगळ्या फ्लॅटवर याच उंचीला घ्या, म्हणजे पुढे टेकू आणि बिजागऱ्या कुठल्याही फ्लॅटवर बसतील. दोन्ही कर्ण तपासा, २७२८ मिमीच्या आसपास यायला हवेत. एक कर्ण लांब आला तर त्याच कोपऱ्यावर हलकं ठोकून चौकट सरळ करा. मग सर्व कडांवर गोंद, त्यावर प्लाय. प्लायची एक लांब कड चौकटीला नेमकी जुळवून ती बाजू आधी पक्की करा. शीट कारखान्यातून काटकोनात येते, तेव्हा चौकटीत राहिलेली थोडी तिरपाई उरलेल्या बाजू ओढून घेताना निघून जाते. स्क्रू दर १५० ते २०० मिमीवर, कडेपासून १० मिमी आत. मधल्या पट्ट्यांच्या रेषा प्लायवर आधी आखा, नाहीतर निम्मे स्क्रू हवेत जातात आणि मागून टोकं बाहेर येऊन कुणाचा तरी हात फाडतात.

जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू सगळीकडे पडलेले असतात म्हणून वापरले जातात. त्यांचं पोलाद ठिसूळ असतं. प्लाय बसवायला चालतील, पण जिथे भार येतो तिथे ते वाकत नाहीत, एकदम तुटतात. लेव्हल, पायऱ्या, दाराची चौकट यांत ते नकोत.

असा फ्लॅट साधारण १८ किलोचा होतो. आडवा पडलेला फ्लॅट उभा करायला दोघं लागतात. एकाने बुडाच्या पट्टीवर पाय रोवायचे, दुसऱ्याने वरची कड उचलून हात एकामागून एक पुढे सरकवत फ्लॅटखालून चालत यायचं. नेताना दोघं फ्लॅटच्या दोन टोकांना राहतात, एक हात वर आणि एक खाली. पुढचा माणूस आपली बाजू जरा उचलून दिशा देतो, मागचा नुसता ढकलतो. वारा असलेल्या उघड्या जागेत फ्लॅट एकट्याने उचलायचाच नाही.

दाराच्या फ्लॅटमधे खालची पट्टी दाराच्या जागी तुटते, आणि उचलताना दोन्ही पाय फाकतात. म्हणून उंबऱ्याच्या जागी ५ मिमी जाडीची लोखंडी पट्टी दोन्ही पायांना बुडाखालून स्क्रूने बांधा. ठेच लागू नये म्हणून तिच्या कडा घासून उतरत्या करा.

टेकू आणि वजन

फ्लॅट एकमेकांना जोडायला काढत्या पिनेच्या बिजागऱ्या बऱ्या. प्रत्येक सांध्याला तीन. दोन फ्लॅट कोनात उभे राहिले की एकमेकांना धरतात. त्यामुळे सरळ सपाट भिंतीपेक्षा मोडत गेलेली भिंत जास्त भक्कम असते, हे नेपथ्यकाराला आराखड्याच्या वेळीच सांगा. पुढून दिसणारी फट १०० मिमी रुंद कापडी पट्टी चिकटवून झाका आणि वर रंग मारा.

मागचा त्रिकोणी टेकू फ्लॅटच्या दोन-तृतीयांश उंचीचा, म्हणजे सुमारे १६०० मिमी, आणि बूड ८०० मिमी. तिरपी पट्टी १७८९ मिमीची येते. तो उभ्या पट्टीला बिजागऱ्यांनी जोडला की वाहतुकीत मिटतो.

आता वजन. टेकूच्या मागच्या टोकावर, फ्लॅटपासून ८०० मिमीवर, २० किलो ठेवले आहेत असं धरा. फ्लॅट प्रेक्षकांच्या बाजूला पडायला लागला तर तो पुढच्या कडेवर फिरतो, आणि त्याला धरून ठेवणारा जोर होतो २० गुणिले ०.८, म्हणजे १६. कुणी मागून १.२ मीटर उंचीवर रेटलं, तर १६ भागिले १.२, म्हणजे फक्त तेरा किलोच्या जोराने तो आडवा होईल. एका हाताने टेकून उभा राहणारा माणूस एवढा जोर सहज लावतो. तेच वजन जागा वाचवायला म्हणून फ्लॅटपासून २०० मिमीवर आणलं, तर साडेतीन किलोही पुरतात! वजन नेहमी टेकूच्या शेवटच्या टोकाला ठेवा.

मागच्या बाजूला पडताना गणित बदलतं. तेव्हा फ्लॅट टेकूच्या टोकावर फिरतो, आणि त्या टोकावर ठेवलेलं वजन काहीच करत नाही. धरून ठेवतं ते फ्लॅटचं स्वतःचं वजन: १८ गुणिले ०.८ भागिले १.२, म्हणजे बारा किलो. इथे वजनं वाढवून उपयोग नाही, टेकूचं बूड लांब करावं लागतं किंवा फ्लॅट शेजाऱ्यांशी जोडावे लागतात. म्हणून प्रत्येक सांध्यावर एक टेकू आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक. रंगमंचाच्या जमिनीत स्क्रू मारायला परवानगी असेल तर त्याहून चांगलं काही नाही. वाळूच्या पिशव्या चालतात, फक्त त्या टेकूवर आडव्या पसरून बसल्या पाहिजेत, नुसत्या बाजूला टेकवलेल्या नकोत. मागची तिरपी पट्टी अंधारात ठेच लावते, तिच्यावर पांढरी टेप लावा.

लेव्हल

पुन्हा तेच माप, २४४० बाय १२२०. चौकटीला ९० बाय ४० मिमीचं लाकूड, वर १८ मिमी प्लाय. लांब बाजू २४४० च्या दोन, त्यांच्या मधे ११४० मिमीचे पाच आडवे. पाचही समान अंतरावर ठेवले की मध्यापासून मध्य बरोबर ६०० मिमी येतो. प्रत्येक सांध्यात ७५ मिमीचे तीन स्क्रू, आणि आतल्या कोपऱ्यात गोंद लावून ठोकळा. प्लायला ५० मिमीचे स्क्रू दर २०० मिमीवर, डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली. अनवाणी नाचणाऱ्याच्या पायाला वर राहिलेलं एक डोकं पुरतं.

पायांची चूक सगळ्यात जास्त होते. पाय चौकटीच्या आतून लावून नुसत्या स्क्रूंनी पक्का केला, तर माणसांचा सगळा भार त्या स्क्रूंवर लटकतो. भार लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे. ६०० मिमी उंच लेव्हल घेऊ. त्यातून प्लायचे १८ आणि चौकटीचे ९० वजा केले की ४९२ उरतात. प्रत्येक पायाला दोन तुकडे करा. बाहेरचा ४९२ मिमीचा, ज्याच्या डोक्यावर चौकटीची लांब बाजू थेट बसते. आतला ५८२ मिमीचा, जो चौकटीच्या आत वर प्लायपर्यंत जातो. दोन्ही तुकडे एकमेकांना गोंद-स्क्रूने जोडा आणि आतला तुकडा चौकटीला १० मिमीच्या दोन बोल्टनी, वॉशर लावून आवळा. बोल्ट फक्त पाय जागेवर धरतो, भार बाहेरचा तुकडा पेलतो. असे सहा पाय: चार कोपऱ्यांत, दोन लांब बाजूंच्या मध्यावर.

उंची ४५० मिमीच्या वर गेली की तिरपे आधार हवेतच, लांबीच्या दिशेने आणि रुंदीच्या दिशेनेही. एकाच दिशेला लावून थांबणारे पुष्कळ. मग लेव्हल एका बाजूने भक्कम आणि दुसऱ्या बाजूने पाळणा. शेजारच्या लेव्हल बोल्टने एकमेकांना जोडा, नाहीतर नाचताना त्या सरकून फट पडते आणि घोटा अडकतो. जमीन असमान असेल तर पायाखाली घातलेली पाचर स्क्रूने पक्की करा.

चाचणी क्रमाने घ्या. आधी बाजूने हाताने जोर लावा. हलली तर आधार वाढवा. मग एकाने चढून चारही कोपऱ्यांवर उभं राहायचं, मग दोघांनी, मग जितके जण प्रयोगात असतील तितक्यांनी, आणि शेवटी प्रत्यक्ष हालचाल. एका ठेक्यावर उड्या मारणाऱ्यांचा भार उभ्या माणसांच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून ‘आम्ही सगळे उभे राहिलो होतो’ ही चाचणी नाचासाठी पुरेशी नाही. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूंना, विशेषतः मागच्या उतरण्याच्या जागी, सुमारे एक मीटर उंच कठडा लावा. बाकी कडांवर पांढरी किंवा अंधारात चमकणारी टेप.

पायऱ्यांची उंची १५० ते १८० मिमी, पाऊल ठेवायची जागा निदान २५०. सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात, कारण पाय पहिल्या दोन पायऱ्यांतच उंची लक्षात ठेवतो आणि पुढे न बघता पडतो. नेहमीची चूक अशी: बाजूच्या फळीवर समान खाचा कापतात आणि वर १८ मिमीच्या फळ्या बसवतात. पहिली पायरी १८ ने उंच होते, शेवटची १८ ने बुटकी. उपाय म्हणजे बाजूच्या फळ्यांच्या बुडातून आधीच १८ मिमी कापून टाकायचे.

आग आणि डोक्यावरचं काम

शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला ३० डिसेंबर १९०३ रोजी आग लागली, ती एका आर्क दिव्यापासून मलमलच्या पडद्याला. ६०० हून अधिक माणसं गेली. कापड आणि पातळ लाकडावर अग्निरोधक द्रावण लावा आणि प्रत्येक थानाचा तुकडा तपासा. उघड्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात उभा धरलेला तुकडा १२ सेकंद ज्योतीवर धरा. ज्योत काढल्यावर तो दोन सेकंदांत विझला पाहिजे आणि पेटते थेंब पडता कामा नयेत. द्रावण पाण्यात विरघळणारं असेल तर कापड धुतल्यावर पुन्हा लावावं लागतं. दिव्यापासून किती अंतर हवं ते दिव्यावरच छापलेलं असतं. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. बाहेर पडायच्या वाटेत सेटचा एकही तुकडा नको, तालमीच्या दिवशीही नको.

डोक्यावर टांगायचं काम नवख्याने एकट्याने करू नये. शिकताना एवढं ध्यानात ठेवा की उंच फ्लॅट वरच्या पट्टीला हुक मारून टांगत नाहीत. तार बुडाच्या पट्टीपासून घेतात, म्हणजे सांधे ओढले न जाता दाबले जातात. साधे वळवलेले स्क्रू-हुक उघडतात, म्हणून बोल्टने आरपार बसणारं लोखंडी सामान लागतं, आणि मुख्य तारेखेरीज दुसरी सुरक्षा तार.

उतरवताना

उभारताना सगळे ताजेतवाने असतात. उतरवायचं काम रात्री उशिरा, घाईत, थकलेल्या हातांनी होतं. आधी मंचावरचं सामान आणि दिव्यांच्या वायरी बाहेर काढा. मग फ्लॅट एका टोकाकडून घ्या. टेकूचं वजन हलवण्याआधी एक माणूस त्या फ्लॅटला धरून उभा असायला हवा, आणि ‘धरला’ असं त्याने तोंडाने सांगेपर्यंत पिन काढायची नाही. लेव्हल उलटी करूनच पाय काढा.

निघालेला प्रत्येक स्क्रू डब्यात, प्रत्येक खिळा उपटून बाहेर. खिळ्यांचं टोक वर असलेली फळी जमिनीवर क्षणभरही ठेवू नका. लाकूड पुढच्या सेटला वापरायचं असेल, तर कापायच्या रेषेवर लोहचुंबक फिरवून बघा. आत तुटून राहिलेला स्क्रू पात्याला लागला की दात उडतात, आणि ते कापणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेनेही येऊ शकतात.